रान राखायचं, पण राखणाऱ्याचं काय?

पत्र थोडक्यात: ठाण्यात राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. सातबाऱ्यावर आता आई, थोरला भाऊ, त्या स्वतः आणि न्यू जर्सीला असलेला धाकटा भाऊ अशी चार नावं आहेत. भातजमीन आणि घराजवळची कलमं सोडली तर चौदा एकर रान आहे. त्यात बेहडा, किंजळ, ऐन, जुने रायवळ आणि मधून वाहणारा पऱ्या. वडिलांनी हयातभर त्याला कुऱ्हाड लागू दिली नाही. आता एका लाकूड ठेकेदाराने सगळ्या तोडीचे साडेतीन लाख सांगितले आहेत. गावी राहणाऱ्या दादाने मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी त्याच्याकडून पन्नास हजार विसार घेतलाय आणि दिवाळीपर्यंत बाकीच्यांच्या सह्या मागतोय. बाईंना रान राखायचं आहे. धाकटा म्हणतो, "अमेरिकेत करतात तसा करार कर, टॅक्सही वाचतो." शेजारी म्हणतात, "वनखात्याला कळलं तर जमीनच जाईल." त्या विचारतात: रान एखाद्या संस्थेला देऊन टाकू का? अभयारण्य जाहीर करता येईल का? सरकार यासाठी काही देतं का? आणि दादाला कसं आवरू?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्याच्यातच अडकले आहेत.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. रानाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. दादाबद्दल मात्र एवढंच, की "त्याला पैशाशिवाय काही दिसत नाही." पण त्याच पत्रात, जाता जाता, तुम्ही आणखी दोन गोष्टी सांगून गेलात. गेल्या एप्रिलमध्ये वणवा लागला तेव्हा दादा आणि वहिनी रात्री बारापर्यंत ओल्या फांद्यांनी जाळ झोडपत होते. आणि पावसात ढासळलेला गडगा, म्हणजे रानाभोवतीची दगडी भिंत, दादाने दोन गडी लावून पुन्हा रचून घेतला. ही दोन वाक्यं मी परत परत वाचली. वडील गेल्यावर हे रान कुणी राखलं? तुम्ही त्यावर प्रेम केलंत, त्यात खोट नाही. पण राखलं दादाने, आणि त्यासाठी त्याला कुणी एक रुपया दिला नाही. गड्यांची मजुरी त्याने दिली, रात्र त्याची गेली, आणि रान मात्र चौघांचं.

आपल्या कोकणात दर वर्षी राखणदाराला नारळ ठेवतात, कुणी कोंबडा देतात. जो दिसत नाही पण राखतो, त्याचं देणं चुकवायचं, ही त्यामागची रीत. तुमच्या रानाला एक दिसणारा राखणदारही आहे आणि त्याचं देणं दोन वर्षं थकलंय. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाची उकल इथून सुरू होते. सरकारी योजनेपासून नाही.

आता थोडा हिशेब करू. ठेकेदार साडेतीन लाख देतोय. म्हणजे एकरी पंचवीस हजार. त्याने तोडून नेल्यावर रान पुन्हा तोडीला यायला निदान बारा वर्षं जातील. आपण ठेकेदाराच्या बाजूने मोठ्या मनाने धरून चालू, की बारा वर्षांनी तो पुन्हा तेवढेच पैसे देईल. (देणार नाही. आजचे पैसे तुमच्या वडिलांच्या वेळेपासून वाढलेल्या लाकडाचे आहेत. पुढच्या खेपेला निघेल ते सरपण.) तरीसुद्धा साडेतीन लाखाला बारांनी भागलं, तर वर्षाला एकोणतीस हजारांच्या आसपास येतात. त्याचे चार हिस्से केले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वासात हजार. एवढ्यासाठी चौदा एकर रान जाणार आहे. ठाण्यातली शिक्षिका आणि न्यू जर्सीतला इंजिनियर मिळून वर्षाला तीस हजार उभे करू शकत नाहीत का? दादाला आणि आईला त्यांच्या हिश्श्याचे मिळून साधारण साडेचौदा हजार पोचले की तोडीतून त्यांना जे मिळणार होतं त्याची भरपाई होते. उरलेले गडगा, जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेली पट्टी) आणि गड्यांच्या मजुरीला. याला उपकार म्हणू नका, मदतही म्हणू नका. 'रानाची राखण' म्हणून कागदावर लिहा, आणि दर वर्षी ठरल्या तारखेला दादाच्या खात्यात जमा करा.

पण दादाची अडचण आजची आहे. फी ऑगस्टमध्येच भरून झाली, आणि ठेकेदाराचे पन्नास हजार त्याच्या डोक्यावर आहेत. म्हणून सगळ्यात आधी तुम्ही आणि धाकट्याने मिळून तो विसार परत करा. दादाच्या हाताने, पावती घेऊन. विसार देताना काही लिहून घेतलं असेल तर तो कागद फाडून टाकल्याचं किंवा रद्द केल्याचं ठेकेदाराच्या सहीने लिहून घ्या. हे होईपर्यंत दादाशी झाडं, पक्षी, वडिलांची इच्छा यांवर एक शब्द बोलू नका. डोक्यावर देणं असलेल्या माणसाला ते बोलणं टोचतं.

सह्यांचं म्हणाल तर, सामाईक खात्यातल्या एकाने केलेल्या व्यवहाराने बाकीच्यांचा हक्क जात नाही. ठेकेदार कुलमुखत्यारपत्रावर किंवा कोऱ्या संमतीपत्रावर सही मागेल, ती देऊ नका. आईचा अंगठाही सांभाळा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, साग, जांभूळ अशी झाडं मालकाच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यामुळे वेळ आलीच तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे आणि तलाठ्याकडे सहहिस्सेदार म्हणून लेखी हरकत देण्याची वाट तुम्हाला मोकळी आहे. मात्र तो अर्ज शेवटचा उपाय म्हणून ठेवा. भावाविरुद्ध दिलेला कागद कचेरीत फाइलला लागतो आणि घरात कायमचा राहतो.

आता धाकट्या भावाचा करार. त्याने ऐकलेली गोष्ट खरी आहे. अमेरिकेत जमीनमालक आपल्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क कायमचा सोडून देतो, तो हक्क एखाद्या संस्थेकडे किंवा शासनाकडे जातो, जमीन मालकाचीच राहते, आणि प्राप्तिकरात मोठी वजावट मिळते. तो राहतो त्या न्यू जर्सीत तर १९८३ पासून राज्य सरकार शेतजमिनींचे असे हक्क चक्क विकत घेतं. पण यासाठी तिथल्या राज्यांनी खास कायदे केलेत. आपल्याकडे सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा आहे. त्यात एका जमिनीवरचा असा हक्क दुसऱ्या जमिनीच्या फायद्यासाठीच लागतो. धनेश पक्ष्याच्या किंवा पऱ्याच्या फायद्यासाठी लागत नाही. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं दहावं कलम आणखी पुढे जातं. जमीन देताना 'ही कधीही विकू नये' अशी सरसकट अट घातली तर ती अट रद्द ठरते. किती आजोबांनी बक्षीसपत्रात 'रान तोडू नये, विकू नये' असं लिहून डोळे मिटले असतील! दुसऱ्या पिढीत त्या ओळींना कोर्टात फारसा आधार उरत नाही, हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं.

आणि टॅक्स? भारतातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर धाकट्याला अमेरिकेत सहसा वजावट मिळत नाही. इथेही देणगीची प्राप्तिकर सवलत पैसे दिले तरच मिळते, जमीन दिली तर नाही. आणखी एक: दादाचा हिस्सा आपणच विकत घेऊ असं त्याच्या मनात असेल तर तेही जमणार नाही. परदेशस्थ भारतीयाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवीन घेता येत नाही. त्याला रानासाठी काही करायचंच असेल तर त्याने राखणीचे पैसे पाठवावेत. आज त्याच्या हातात असलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच आहे.

रान संस्थेला देऊन टाकण्याचा विचार आईला विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका, एवढं आधी सांगते. शिवाय शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला आपल्या राज्यात शेतजमीन थेट घेता येत नाही. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. समजा ती मिळाली, तरी आजचे विश्वस्त चांगले आहेत म्हणजे वीस वर्षांनंतरचेही असतील असं नाही. आणि दादाच्या दारातलं रान पुण्या-मुंबईच्या संस्थेच्या नावावर गेलं, तर पुढच्या वणव्याला फांदी घेऊन कोण धावेल?

शेजाऱ्यांच्या भीतीची मी चेष्टा करणार नाही. ती उगाच आलेली नाही. ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनांचा कायदा लागू झाला आणि राज्यातली खाजगी जंगलं एका दिवसात सरकारजमा झाली. ज्या मालकाची एकूण जमीन त्या दिवशी बारा हेक्टरांपेक्षा जास्त नव्हती, त्याला ती परत देण्याची तरतूद नंतर कायद्यात आली. पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त 'खाजगी वने' किंवा '३५(३)' (म्हणजे भारतीय वन कायद्याच्या त्या कलमाखाली मालकाला काढलेली नोटीस) अशा नोंदी पुढे वर्षानुवर्षं तशाच राहिल्या, कित्येकांना तर ती नोटीस कधी बजावलीच गेली नव्हती तरीही. मुंबईतल्या अशाच एका जमिनीच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पूर्वी कधीतरी नुसती नोटीस निघाली आणि पुढे काहीच झालं नाही, एवढ्यावर जमीन वन ठरत नाही. म्हणून तुमचं पहिलं कागदी काम हे: चालू सातबारा, आठ-अ, आणि १९७५ च्या आसपासचे फेरफार काढा. आजोबांच्या नावावर त्या दिवशी एकूण किती जमीन होती तेही पाहा. नोंद नसेल तर निश्चिंत व्हा. नोंद असेल तर वकील गाठा. त्या नोंदीचा निकाल लागेपर्यंत पुढचं कुठलंही पाऊल टाकू नका.

पण 'वनखात्याला कळलं तर' यात एक गैरसमज आहे. तुमचं रान उपग्रहाच्या नकाशात दिसतंच. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, जमीन कुणाच्याही नावावर असो, जंगल असेल तर तिच्यावर बिगरवनाचं काम करायला केंद्राची मंजुरी लागते. याने तुमची मालकी जात नाही. तिथे चिरेखाण काढायची वाट अवघड होते, आणि ती तुम्हाला काढायचीच नाही.

अभयारण्य नव्हे, पण त्याच्या जवळ जाणारी एक सोय कायद्यात आहे. २००२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन 'सामुदायिक राखीव क्षेत्र' आलं. एखादा गाव किंवा एकटा मालकसुद्धा आपल्या खुशीने आपली जमीन त्यात देऊ शकतो. मालकी त्याचीच राहते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमीन असेल तर व्यवस्थापन समितीत मालकाला जागा आहे. देशात अशी क्षेत्रं मुख्यतः मेघालयात आणि नागालँडमध्ये आहेत, जिथे जंगलच समाजाचं असतं. पण एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता लागते. म्हणजे हे जवळजवळ कायमचं. आणि त्याबरोबर मालकाला वर्षाला ठरावीक पैसे मिळतील अशी हमी नाही. दुसरी वाट 'जैवविविधता वारसा स्थळा'ची. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदलीची राई अशीच जाहीर झाली. क्षेत्र अवघं २.५९ हेक्टर. लहान तुकड्यालाही मान मिळतो, हे यातून दिसतं. पण तिथे काहीतरी दुर्मीळ होतं आणि देवाची राई म्हणून गावाने ते आधीच जपलेलं होतं. तुमच्या रानाची अजून कुणी साधी यादीही केलेली नाही. दादा आत्ता कुठे बोलायला लागेल अशा वेळी कायमच्या घोषणेचा कागद त्याच्यापुढे ठेवलात तर तो पुन्हा ठेकेदाराकडे जाईल. ह्या दोन्ही गोष्टी पाच-सात वर्षांनी, चौघं मनापासून तयार झाल्यावर.

सरकार काय देतं? उभं रान उभं ठेवायला, माझ्या माहितीत, थेट काही नाही. उलट भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणातल्या शेतकऱ्याला दहा हेक्टरांपर्यंत तीन वर्षं अनुदान मिळतं, आणि त्यात काजू आहे. योजना वाईट नाही, ओसाड वरकस जमिनीवर ती सोन्यासारखी आहे. पण जो रान राखतो त्याला शून्य आणि जो ते साफ करून काजू लावतो त्याला अनुदान, हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलावं असं मी मिळेल त्या प्रत्येक ठिकाणी बोलते. २०२३ मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिटचे, म्हणजे झाडं लावण्यासारख्या कामांबद्दल गुण देण्याचे, नियम आणले, तेव्हा अनेक जमीनमालकांचे मला फोन आले. त्यातली झाडं लावायची आहेत ती मुख्यतः वनखात्याच्या ताब्यातल्या ओसाड जमिनीवर, तुमच्या-माझ्या रानात नाहीत. कार्बनचे पैसे देतो म्हणणारे एजंटही तुमच्याकडे येतील. त्या बाजारात पैसे मिळतात ते तुमच्यामुळे जास्तीचा कार्बन साठला हे दाखवता आलं तर. वडिलांपासून उभं असलेलं रान त्या हिशेबात मागे पडतं, आणि करार वीस-तीस-चाळीस वर्षांचे असतात. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि इंग्रजीतला करार असेल तर मराठीत लिहून मागा.

मग रान कशावर जगवायचं? तुमच्या तालुक्यातच याचं एक उत्तर घडलंय. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था बरीच वर्षं संगमेश्वर भागात खाजगी जमीनमालकांशी संवर्धनाचे करार करते आहे. ठरावीक मुदतीत तोड करायची नाही, आणि त्याबदल्यात मालकाला मोबदला, असा त्यांचा गाभा. त्याला जोडून बेहडा आणि हिरडा गोळा करण्याचं काम आहे. त्याला 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालंय. त्यात नियम असा, की झाडाला इजा करायची नाही, आणि पाखरांसाठी, रुजण्यासाठी काही फळं मागे ठेवायची. त्रिफळ्यातला एक तृतीयांश बेहडाच असतो, मागणी आहे. आणि ज्या जुन्या बेहड्यांच्या खोडात मोठ्या ढोली असतात, त्यांतच धनेशाची मादी उन्हाळ्यात स्वतःला आतून लिंपून घेते. फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नराने आणलेल्या फळांवर राहते. एकाच झाडापासून घरात पैसे येतात आणि पाखराला घर मिळतं, असं रोज कुठे जुळून येतं?

ठेकेदार तुम्हाला सांगेल, "बाई, रान परत येतं." मी हे बघायला एकदा मुद्दाम गेले होते, तुमच्याच भागात, तोड होऊन तीन वर्षं झालेल्या एका डगरीवर. रान परत आलं होतं, खोटं कशाला बोलू. किंजळीच्या प्रत्येक खुंटाला दहा-बारा फुटवे होते, अंगठ्याएवढे जाड, सगळे सारख्या उंचीचे, दाटीवाटीने. पण गारंबीचा एक वेल नव्हता. बेहडा नव्हता. एकाही खोडाला ढोल नव्हती, कारण खोडच नव्हतं. पऱ्यात डिसेंबरमध्ये नुसते दगड, आणि बरोबर आलेल्या म्हातारबुवांनी एका कोरड्या खळग्याकडे काठी दाखवून सांगितलं, की इथे होळीपर्यंत गुरं पाणी प्यायची. हिरवं परत येतं, ताई. ढोल परत यायला झाडाला म्हातारं व्हावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेली एक वाट, जी मला तुमच्यासाठी सगळ्यात बरी वाटते. वाटप करा आणि वाटपात रान मागा. तुम्हाला भावनेच्या भरात हक्कसोडपत्र करून मोकळं व्हावंसं वाटतंय, असं पत्रात एका ठिकाणी आहे. ते करू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झालाय. आणि तो हक्क हाच तुमच्या रानाचा आज एकमेव कायदेशीर आधार आहे. दादाच्या नजरेत मोल आहे ते भातजमिनीला आणि कलमांना. तुम्ही आणि धाकटा त्यातला आपला वाटा त्याला द्या, आणि बदल्यात रान तुमच्या दोघांच्या नावावर घ्या. आईचा वाटा तिच्या इच्छेप्रमाणे, कुणीही न ढकलता. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, पऱ्याच्या दोन्ही काठांची हद्द नकाशावर नीट येऊ द्या, आणि नोंदणीकृत वाटपपत्र करा. शेतजमिनीच्या वाटपाला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. खर्च येतो तो मोजणीचा, वकिलाचा आणि तुमच्या फेऱ्यांचा. या मार्गात दादाला आज हातात धरता येईल असं काहीतरी मिळतं. आणि तुम्हाला मिळते अशी जमीन, जिच्यावर पुढचा करार करायला चार सह्या लागत नाहीत. धोका एकच: रान तुमचं झालं की ते दादाच्या मनातून उतरेल. म्हणून वाटपपत्रानंतरही राखणीचे पैसे चालू ठेवा, आणि सरपण, पाला, राताम्बे, वहिवाटीची पायवाट हे दादाच्या घराचे हक्क करारात शब्दांत लिहा. ज्या रानातून लाकडाची मोळीसुद्धा आणता येत नाही, ते रान कुणी कशाला राखील?

संस्थेशी करार करताना पहिल्यांदा पाच किंवा दहा वर्षांचाच करा. एक वर्षाहून मोठ्या मुदतीचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी करावी लागते, त्यात ढिलाई नको. पैसे कधी, कुणाच्या खात्यात, वणवा लागला तर खर्च कुणाचा, करार मोडला तर काय, फळं कुणी गोळा करायची, संस्था बंद पडली तर काय, हे सगळं मराठीत लिहिलेलं हवं. आणि बेहड्या-हिरड्याच्या उत्पन्नाबद्दल एकदा सीएला विचारा. आपोआप वाढलेल्या जंगलाचं उत्पन्न हे 'शेतीचं उत्पन्न' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच म्हटलंय. ते करमुक्त आहे असं गृहीत धरून नंतर धावपळ नको.

तुमच्यानंतर काय, हाही विचार आत्ताच करा. कायमची अट कायदा मानत नाही हे वर आलंच. पण मृत्युपत्राने रान कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवू शकता. दादाचा जो मुलगा आज कॉलेजात आहे, त्याला या दोन-चार वर्षांत रानाची गोडी लागली, तर तुमचा वारस तुम्हाला तिथेच मिळेल. ज्याच्या फीसाठी हे रान जाणार होतं त्याच्याच हाती ते द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

अशीच पत्रं आणखी काही जणांनी पाठवलीत. ज्यांच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं आहेत त्यांना वाटप जमणार नाही. त्यांनी निदान गावात राहणाऱ्या आणि मुंबईत राहणाऱ्या हिस्सेदारांची एक बैठक मे महिन्यात घ्यावी, तोड न करण्याचा लेखी ठराव करावा, आणि राखणीची वर्गणी सुरू करावी. ज्यांच्या खाजणात खारफुटी आहे त्यांनी लक्षात ठेवावं, की ती खाजगी असली तरी तोडता येत नाही. आणि ज्यांचं रान आधीच गेलंय पण खुंट जिवंत आहेत, त्यांनी फुटवे विरळ करून प्रत्येक खुंटाला एक-दोन जोमदार ठेवावेत, गुरं आणि आग दूर ठेवावी. नवीन रोपं आणायची घाई नको.

ताई, बेहडे हिवाळ्यात गळायला लागतात. जानेवारीत दोन दिवसांची रजा काढून गावी जा, एकट्या नको, मुलांना घेऊन. दादाला म्हणा, "रान दाखव." वाट त्यालाच काढू द्या, कुठलं झाड कधीचं ते त्यालाच सांगू द्या, आणि पुतण्याला वही घेऊन मागे चालू द्या. एका मोठ्या बेहड्याखालची गळलेली फळं गोळा करा, सगळी नकोत, अंगणात वाळवा आणि दादाच्याच ताजव्यावर वजन करा. अशी किती झाडं आहेत ती मोजा. संस्थेशी बोलायला जाल तेव्हा तो आकडा, मोजणीचा नकाशा आणि दादा, तिघेही तुमच्याबरोबर असू देत.

विसार मात्र दिवाळीच्या आधी परत गेला पाहिजे.